कारकुनाची नखं

"दिवा लावा मास्तर," मी म्हटलं.

मास्तरांनी भिंतीवरून हात फिरवत बटण शोधलं आणि दाबलं. टक् असा आवाज झाला, पण दिवा काही लागला नाही. मी वर पाहिलं तर बल्ब पार काळा पडलेला. कधीचा उडाला होता कोण जाणे.

"लागला ना?" त्यांनी विचारलं.

मी फरशीवर मांडी घालून बसले होते. एका हातात त्यांच्या कुत्र्याचा पुढचा उजवा पंजा, दुसऱ्या हातात नखं कापायची कात्री. आता ज्या माणसाला पाच वर्षांत उजेड दिसलेला नाही, त्याला तोंडावर काय सांगायचं, की मास्तर, तुमच्या घरातला दिवा गेलाय आणि तुम्हाला पत्ताच नाही? माझी जीभ रेटेना.

"लागला," मी म्हटलं.

आयुष्यात मी खोटं काही कमी बोललेली नाही. माहेरचं सासरी लपवलं, सासरचं माहेरी लपवलं, आणि दोन्हीकडची गुणाची ठरले. पण त्या दुपारचं ते तीन अक्षरांचं खोटं मला जेवढं बोचलं तेवढं दुसरं कुठलंच नाही.

जनावरांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं मावशी आहे. टेबल पुसायचं, मांजरांना टॉवेलात गुंडाळायचं, इंजेक्शनच्या वेळी दांडगट कुत्र्यांना मिठी मारून धरायचं, आणि नखं कापायची. नखं कापणं डॉक्टरांना हलकं काम वाटतं आणि मालकांना अवघड, म्हणून ते मधल्यामध्ये माझ्या गळ्यात पडलं. मला ते आवडतं. दवाखान्यात येणाऱ्या माणसांचं सगळं लक्ष त्यांच्या जनावरात असतं, माझा चेहरा कोणाच्या ध्यानात राहत नाही. एकदा भाजी घेताना एका कुत्र्याने मला ओळखून असा काही गोंधळ घातला, की त्याची मालकीण ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, अनोळखी माणसांना बघून तो असंच करतो." दोनच दिवसांपूर्वी मी त्याची अठरा नखं कापली होती.

मास्तरांचा फोन आला तेव्हा मीच उचलला.

"माझ्या कुत्र्याच्या पायाचा एक आवाज कमी झालाय," ते म्हणाले.

"काय कमी झालंय?"

"आवाज. पुढचा उजवा पाय, बाहेरून दुसरं बोट. ते तो टेकवत नाहीये. आणि बाकीची फार लांब वाजतायत."

मी फोनवर हात ठेवून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या, पण कुत्र्याचा जुना कागद काढून बघितल्यावर हसू मावळलं. कुत्रा तेरा वर्षांचा, हृदय अशक्त. भूल देऊन नखं कापायची म्हटलं तर तो उठेलच याची खात्री नाही. दवाखान्याचा जिना त्याला चढवत नाही. "मावशी, तुम्हीच घरी जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "जागेपणी, हळूहळू. नाहीतर अंगठ्याचं नख वळून मांसात जाईल."

म्हणून मी तिथे गेले होते. दर मंगळवारी दुपारच्या सुट्टीत जायचं ठरलं, त्यातला हा पहिला.

मास्तर म्हणजे टायपिंगचे मास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. तीस मशिनं एकदम खडखडत असायची आणि हे पाठमोरे उभे राहून म्हणायचे, "खिडकीजवळची दुसरी, डाव्या करंगळीचा आळस सोड." आता डोळे काचबिंदूने नेले आणि बायको दोन वर्षांमागे गेली. राहिला कुत्रा. तो दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायचा आणि काम काही करायचा नाही, म्हणून मास्तरांच्या बाईंनी त्याचं नाव कारकून ठेवलं होतं. बाई होत्या तोवर सकाळ-संध्याकाळ त्याला रस्त्यावर फिरवून आणायच्या, नखं आपोआप झिजायची. त्या गेल्यावर मास्तरांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. शेजारीण दोन वेळचा डबा देते आणि कुत्र्याला मागच्या मऊ मातीत सोडते. मातीत नखं कशाने झिजणार?

"दिवसभर टिकटिक टिकटिक चालू असते बघा त्याची," पहिल्याच दिवशी मास्तर मला कौतुकाने म्हणाले होते. "तो कुठं आहे ते मला नखांवरून कळतं. सकाळी जाग आली की आधी तेच ऐकतो. टिकटिक दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गेली, की म्हणतो, चला, घरात कोणीतरी उठलंय."

तर मी "लागला" म्हटलं आणि खिडकीतून येणाऱ्या अंधुक उजेडात कापायला घेतलं.

कुत्र्याच्या नखात मधोमध रक्ताची शीर असते. नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते, कुठवर कापायचं ते शेंबडं पोरही सांगेल. काळ्या नखात काही दिसत नाही. तिथे पापुद्र्या-पापुद्र्याने जायचं आणि दर कापाला नखाचं तोंड उजेडात बघायचं. आधी ते खडूसारखं कोरडं दिसतं, मग मध्यभागी ओलसर ठिपका उमटतो. ठिपका दिसला की हात थांबलाच पाहिजे. त्यातून नख वाढलेलं असेल तर शीरही त्याच्याबरोबर पुढे सरकलेली असते. कारकुनाची सगळी नखं काळी कुळकुळीत होती आणि पार वाकडी झालेली.

तीन काप नीट गेले. चौथ्याला मला वाटलं, अजून कोरडंच आहे.

कारकून असा केकाटला की माझ्या हातातली कात्री उडाली. पाय हिसकून तो घसरत, धडपडत पलंगाखाली गेला. फरशीवर रक्ताच्या थेंबांची रांग लागली.

"काय झालं? मावशी? काय झालं?" मास्तर उभे राहिले होते. कोणत्या दिशेला जायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"शीर कापली गेली. बसा तुम्ही, मी बघते."

रक्त थांबवायची पूड माझ्या पिशवीत कायम असते. ती चिमटीत धरून मी पलंगाखाली सरपटत गेले. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतायत, पदराला कोळ्याची जाळी चिकटलीत, आणि समोर दोन डोळे माझ्याकडे असे बघतायत, की विश्वासाने पंजा दिला आणि ही तर खाटीक निघाली. पूड नखावर दाबून धरली. तो चावला नाही. चावला असता तर बरं वाटलं असतं.

"उजेड कमी पडला का?" वरून मास्तरांनी विचारलं.

पलंगाखालून खोटं बोलणं मला जमेना. "दिवा लागलाच नव्हता, मास्तर. बल्ब गेलाय."



"मग लागला म्हणून का सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अहो, मला वाईट वाटू नये म्हणून त्याला कापलंत." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मावशी, लोक सांगतात तेवढंच मला दिसतं. तुम्ही लागला म्हणालात, माझ्यापुरता तो लागला. असं परत करू नका."

मी बाहेर आले, रक्त पुसलं आणि मान खाली घालून निघाले. बावीस वर्षांत शीर कधी कापली गेली नाही असं नाही. प्रत्येकाची कधी ना कधी जाते. पण न बघता कापणं ही चूक वेगळी.

घरी आल्यावर यांना म्हटलं, "मला एक बल्ब हवाय. चांगला लख्ख."

आमचे हे सूतगिरणीत एकतीस वर्षं होते. त्या खडखडाटात कान गेले. आमच्या घरात कुठलीही गोष्ट कुजबुजून बोलायची सोय नाही.

"कोणासाठी?" यांनी विचारलं.

"आंधळ्या माणसासाठी!" मी ओरडले. शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग झीरोचा चालेल की."

मी दुकानातला सगळ्यांत मोठा घेतला.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या घराच्या बोळातून आत शिरले, तर घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं. "या मावशी," मास्तर म्हणाले. कुत्र्याने वास घेऊन सांगितलं असणार असं मला वाटलं. दाराशी चपला काढल्या, स्टुलावर चढले, बल्ब बसवला, बटण दाबलं.

"लागला?"

"लागला. बाईंची शपथ."

"काय दिसतंय?"

"खरं सांगू?"

"तेवढ्याचसाठी विचारतोय."

"कोपऱ्यांत जाळी आहेत. कपाटावर बोट फिरवलं तर माझं नाव लिहिता येईल एवढी धूळ आहे. आणि तुमच्या शर्टाची बटणं एक घर खाली लागलीत."

मास्तर मोठ्याने हसले. मग खाली बसून त्यांनी बटणं पुन्हा लावली. मी एक गोष्ट आणखी पाहिली होती, ती सांगितली. फरशीवर बारीक पांढरे ओरखडे होते. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, भांड्यापासून पलंगापर्यंत. पायवाट पडावी तसे. आणि वळणाच्या जागी पाय घसरल्याच्या लांब रेघा.

"घसरतो तो?" मास्तरांनी विचारलं. हसू गेलं होतं.

"घसरतो."

कारकून त्या दिवशी पलंगाखालून बाहेर आला नाही. मी बोलावलंही नाही. खराट्याच्या चार काड्या घेऊन फरशीवर बसले आणि एकेक काडी कात्रीने कापत राहिले. कट, आणि उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा पलंगाखाली. कट, आणि तुकडा. आवाज आला की खायला मिळतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसायला हवं होतं. अर्ध्या तासाने नाक बाहेर आलं. सुट्टी संपली तेव्हा डोकं माझ्या गुडघ्याशी होतं. नख एकही कापलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी त्याने पंजा दिला.

बोटाखालच्या गादीवर अंगठा, वर एक बोट, हलकंच दाबलं की नख पुढे येतं. पाय बाजूला ओढायचा नाही, म्हाताऱ्या सांध्यांना ते सोसत नाही. आधी अंगठ्याचं नख घेतलं. ते अंगठीसारखं वळून कातडीला टेकलं होतं, अजून आठ दिवस गेले असते तर रुतलं असतं. एक पापुद्रा, उजेडात बघायचं. दुसरा पापुद्रा, उजेडात बघायचं. मग पुढचं बोट घेतलं.

"थांबा," मास्तर म्हणाले.

"का?"

"आवाज बदलला. आधी काडीसारखा कोरडा येत होता, आता दबका आला."

मी पंजा दिव्याकडे वळवला, चष्मा सारखा केला. नखाच्या तोंडाशी, अगदी मधोमध, सुईच्या टोकाएवढा ओलसर ठिपका उमटत होता. बावीस वर्षं मी हे काम करते आहे आणि हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं पगार उगीच नाही खाल्लात."

"पगार कसला, क्लास माझाच होता," मास्तर म्हणाले, पण चेहरा खुलला होता.

त्यानंतर आमचं असंच चालायचं. मी बघायची, ते ऐकायचे, कारकून अंडं खायचा. दर आठवड्याला थोडंथोडं. नख कमी केलं की आतली शीरही आठ-दहा दिवसांत मागे सरकते, मग पुढचा पापुद्रा काढता येतो. घाई करून उपयोग नाही. दवाखान्यात मला बसून बोलायला वेळ नसतो आणि घरी बोलायचं तर ओरडावं लागतं. मंगळवारची मी वाट बघायला लागले हे मी कोणाला सांगितलं नाही.

पाचव्या मंगळवारी मास्तर गप्प होते. एक पंजा झाला, दुसरा झाला, तरी गप्पच.

"काय झालं?" मी विचारलं.

"मावशी, नखं पूर्ण बेतात आली की टिकटिक राहील का?"

कात्री माझ्या हातातच राहिली. "नाही राहणार."

"अजिबात?"

"नख जमिनीला टेकलंच नाही तर वाजणार कसं?"

त्यांनी मान हलवली. "आता आधीच निम्मी झालीय. काल दुपारी तो दारात होता की आतल्या खोलीत, कळेना. हाक मारली. तो काही हाकेला ओ देणारा नाही. मग मी नुसता बसून राहिलो. घरात कोणी नसल्यासारखं वाटलं हो."

मी म्हटलं, "पट्ट्याला घंटी बांधूया की."

"घंटी गळ्यात असते. मान खाजवली तरी वाजते. पाय कुठं पडला ते तिला काय ठाऊक?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एवढ्यावरच थांबवलं तर चालेल का? आता रुतत तर नाही ना नख."

चालेल म्हणणं सोपं होतं. डॉक्टरीणबाई विचारायला येणार नव्हत्या. नखं थोडी लांब राहिली म्हणून आभाळ कोसळत नाही, आणि एका एकट्या माणसाच्या घरात आवाज राहिला असता. खरं सांगते, शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"त्याला दुखतंय का?" मास्तरांनी विचारलं. "दिव्यासारखं सांगू नका."

"दुखतं," मी म्हटलं. "दर पावलाला नख आधी टेकतं आणि बोट मागं ढकललं जातं. दिवसभर. म्हणून तो फिरायचा कमी झालाय, दारात पडून असतो. तुम्ही ऐकता ना, ते तेच."

मास्तर खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते, ती थांबली.

"म्हणजे तो दुखत दुखत वाजत होता," ते म्हणाले, "आणि मी मजेत ऐकत होतो." त्यांचे डोळे भरून आले होते. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मलाही रडू आलं, पण नख कापताना रडता येत नाही, म्हणून मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"कापा," मास्तर म्हणाले. "सगळी."

आठव्या मंगळवारी शेवटचं नख झालं. कानशीने कडा घासल्या, पंजा खाली ठेवला. कारकून उठला, अंग झटकलं आणि चालायला लागला. पंजे पहिल्यांदाच फरशीवर सपाट पडत होते. आवाज शून्य. खोलीत फक्त माझा आणि मास्तरांचा श्वास ऐकू येत होता.

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. मान जराशी वळवलेली, क्लासमध्ये ऐकायचे तेव्हाही अशीच असणार. बराच वेळ त्यांनी कान दिला.

"कुठं आहे तो?"

"दारात उभा आहे. तुमच्याकडं बघतोय."

"आणि आता?"

"चालायला लागलाय. भांड्याकडं नाही जात. वळला. घसरला नाही. मास्तर, इकडंच येतोय."

पुढचं सांगायची गरज पडली नाही. कारकून येऊन त्यांच्या पायांवर बसला. शेजारी नव्हे, पायांवरच, सगळा भार टाकून. नखं वाढल्यापासून तो गरजेपुरता चालून परत दारात पडायचा, जास्तीची चाल त्याला झेपत नव्हती. मास्तरांनी खाली हात नेला आणि तो त्याच्या डोक्यावर ठेवला. पाय मात्र त्यांनी तसूभरही हलवला नाही.

"जड आहे हो," ते म्हणाले.

मी कात्री पिशवीत टाकली. "आता माझं काम नाही. रोज रस्त्यावर चालवलंत की नखं आपली आपण झिजतील. त्याला चालवायचं म्हणजे तुम्हालाही चालावं लागेल."

"तुम्ही येणार नाही?"

"नखं वाढली तर येईन."

काम नीट केलं की ते संपतं, ही आमच्या धंद्यातली खोट आहे. नंतरचे मंगळवार मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. दोनदा वाटलं, सहज चक्कर मारून यावं. पण काय सांगून जाणार?

दीड महिन्याने, सकाळी कामावर जाताना, ते दोघं समोरून येताना दिसले. पुढे कारकून, हळू पण ऐटीत, साहेबाची फाइल घेऊन निघाल्यासारखा. मागे मास्तर, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात काठी. शर्टाची बटणं जागच्या जागी होती. मला इतका आनंद झाला की हाक मारायला तोंड उघडलं. मग म्हटलं, नको, भर रस्त्यात त्यांना दचकवायला नको. मी कडेने गुपचूप पुढे निघाले.

"काय हो मावशी," मागून आवाज आला. "ओळख दाखवायची नाही असं ठरवलंय का?"

मी थांबले. "कारकुनाने सांगितलं वाटतं?"

"तो काय सांगतोय, तो त्या खांबाचा वास घेतोय. तुमची चप्पल ओळखली मी. डावी टाच झिजलीय, उजवी नाही. बोळात शिरलात की मला तेव्हाही कळायचं." ते हसले. "मंगळवारी कान तिकडंच असतो अजून. सवय लागली."

मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही. कामाला उशीर झाला आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.

संध्याकाळी घरी आल्यावर दारात चपला उलट्या करून बघितल्या. डावी खरंच टाचेपाशी पार सपाट झाली होती. इतक्या वर्षांत माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

"नवीन घे की," हे आतून म्हणाले. "पाय मुरगळेल एखाद्या दिवशी."

"राहू दे," मी म्हटलं. यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं नाही. चपला सुलट करून दाराशी नीट जोडून ठेवल्या.